मुदत संपण्याआधी: सर्टिफिकेट प्रकल्पाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

प्रकल्पाला आज मंजुरी मिळाली. आमच्या टेलिकॉम कंपनीत जिथे जिथे डिजिटल सर्टिफिकेट (सर्व्हर किंवा उपकरण खरं तेच आहे हे पटवणारं, ठराविक मुदतीचं ओळखपत्र) बसलेलं आहे ते हुडकून काढायचं, प्रत्येकाला मालक लावायचा आणि जमेल तिथे नूतनीकरण माणसाच्या हातून काढून यंत्रणेकडे सोपवायचं, हे काम. मी ऐरोलीच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये बसून समन्वय बघणार. कोअर, ट्रान्समिशन, रेडिओ, आयटी आणि मार्केटिंग या सगळ्यांकडून एकेक माणूस मागितला आहे.

घाई कशाची, ते सुरुवातीलाच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर हेच पान दाखवता येईल. सीए/ब्राउझर फोरमने, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था (सीए) आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंडळाने, एप्रिल २०२५ मध्ये ठराव मंजूर केला. सार्वजनिक टीएलएस (वेबसाइटची जोडणी सुरक्षित करणाऱ्या) सर्टिफिकेटची कमाल मुदत आज ३९८ दिवस आहे. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस होणार, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७. हा ४७ चा आकडा अनेकांना विचित्र वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे: ३१ दिवसांचा एक महिना, वर पंधरवडा आणि एक दिवस जास्तीचा. आज वर्षातून एकदा होणारं काम तेव्हा वर्षातून किमान ८ वेळा करावं लागेल. डोमेन आपलंच असल्याचा पुरावासुद्धा तेव्हा १० दिवसांत शिळा होईल.

बैठकीत सूर असा होता की ब्राउझर कंपन्या उगाच आपल्या मागे लागल्या आहेत. मला तसं वाटत नाही. सर्टिफिकेटची खासगी की (गुप्त डिजिटल किल्ली) चोरीला गेली तर सर्टिफिकेट रद्द करण्याची सोय आहे, पण रद्द झाल्याची बातमी प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेत पोचेल याची खात्री आजही देता येत नाही. मुदत छोटी असली की चोराच्या हातात उरणारा वेळही छोटा.

७ नोव्हेंबर २०२५

आजवर वापरात असलेली एक्सेल फाइल मिळाली. नाव, सर्व्हर, मुदत, "जबाबदार व्यक्ती" असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यातल्या नावांपैकी कितीतरी जण नोकरी सोडून गेलेत. मुदत संपत आल्याची ईमेल त्यांच्या बंद झालेल्या पत्त्यावर जाते आणि तिथेच विरते.

पहिला नियम आजच ठरवला आणि सगळ्यांना कळवला: मालक म्हणून माणसाचं नाव चालणार नाही. टीमचं नाव, टीमचा सामायिक ईमेल पत्ता आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन, या तीन गोष्टी हव्यात. ज्या सर्टिफिकेटला महिन्याभरात मालक मिळणार नाही त्याची यादी थेट सीटीओंच्या (तंत्रज्ञान प्रमुखांच्या) टेबलावर जाईल. यावर थोडी कुरकुर झाली, पण सीटीओंनी तिथल्या तिथे होकार दिला.

१२ नोव्हेंबर २०२५

यादी फाइलवरून करायची नाही, नेटवर्ककडूनच घ्यायची. त्यासाठी अंतर्गत पत्त्यांचा स्कॅन सुरू केला. नुसतं ४४३ पोर्ट (सर्व्हरचं वेबसाठीचं दार) बघून भागत नाही. ८४४३ वर व्यवस्थापनाची पानं असतात, ६३६ वर एलडॅप (वापरकर्त्यांच्या नोंदींची निर्देशिका) असतं, एसएमएस गेटवेचे स्वतःचे वेगळे पोर्ट असतात. एकाच आयपीवर नावागणिक वेगळं सर्टिफिकेट असू शकतं, त्यामुळे प्रत्येक नाव घेऊन त्या दारावर टकटक करावी लागते.

दुसरी बाजू बाहेरून. सार्वजनिक सीए जी सर्टिफिकेटं देतात ती सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या लॉगमध्ये नोंदवली जातात, कारण २०१८ पासून क्रोम त्याशिवाय नव्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवत नाही. हे लॉग कुणालाही बघता येतात. आपल्या डोमेनचं नाव टाकून शोधलं, तर जुन्या सणासुदीच्या ऑफरसाठी जाहिरात एजन्सीने उघडलेल्या सबडोमेनची रांगच लागली. ऑफर कधीच संपली, पान मात्र चालू आणि त्याची की एजन्सीच्या सर्व्हरवर. मार्केटिंगच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी संध्याकाळपर्यंत निम्मी बंदही करून घेतली. त्यांच्याइतकं चटकन कुणी हललं नाही, हे नोंदवायलाच हवं.

डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत) सीएए नोंद घालायची विनंती टाकली. आपल्या डोमेनसाठी कोणत्या सीएने सर्टिफिकेट द्यावं हे त्यातून सांगता येतं आणि बाकीच्या सीएंना ते पाळावं लागतं.

२१ नोव्हेंबर २०२५

छोटी पण महत्त्वाची गोष्ट. सर्टिफिकेटवरची वेळ जीएमटीत असते. "३० नोव्हेंबर, २३:५९:५९" असं लिहिलेलं सर्टिफिकेट आपल्याकडे १ डिसेंबरला पहाटे ५:२९:५९ ला संपतं. रात्रपाळी संपत आलेली, सकाळची पाळी रस्त्यात, आणि दूधवाल्यापासून शाळेच्या बसपर्यंत सगळ्यांचे फोन जागे होण्याची ती वेळ. डॅशबोर्डवर आता भारतीय वेळ आणि जीएमटी दोन्ही दिसतील.

६ डिसेंबर २०२५

आज सात वर्षं झाली. ६ डिसेंबर २०१८ ला ब्रिटनमध्ये ओटू कंपनीची डेटा सेवा पहाटेपासून बंद पडली. ग्राहक ३ कोटींवर. ओटूच्या नेटवर्कवर चालणारे लंडनच्या बसथांब्यांवरचे वेळ दाखवणारे फलकसुद्धा बंद झाले. त्याच दिवशी जपानमध्ये सॉफ्टबँकची सेवा दुपारी साडेचार तासांच्या आसपास कोलमडली. दोन्हीकडे कोअर नेटवर्कमधलं एरिक्सनचं उपकरण होतं, एसजीएसएन-एमएमई. कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या निवेदनात मूळ कारण दिलं आहे: त्या सॉफ्टवेअरच्या विशिष्ट आवृत्त्यांमधलं मुदत संपलेलं सर्टिफिकेट.

एमएमई म्हणजे फोरजी नेटवर्कचा दरवान. फोन नेटवर्कवर आला की ओळख पटवून आत घेणारा तोच. तोच थांबला, तर टॉवर चालू, फायबर चालू, वीज चालू, आणि ग्राहकाच्या हातात मात्र काही नाही.

आज टीमसमोर हे मुद्दाम मांडलं. यातलं सर्टिफिकेट ऑपरेटरच्या कुठल्याही यादीत असणं कठीण होतं, कारण ते उत्पादकाने सॉफ्टवेअरच्या पोटात ठेवलेलं होतं. आपला स्कॅन दारावर दिसणारी सर्टिफिकेटं शोधतो, पोटातली त्याला दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक उत्पादकाला पत्र पाठवायचं ठरलं: तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये, परवान्यात, आपसांतल्या जोडणीत जी जी सर्टिफिकेटं आहेत त्यांची मुदतीसह यादी द्या, आणि पुढच्या खरेदी करारात ही यादी देणं बंधनकारक राहील. कोअरमधले सर म्हणाले, "पत्राला उत्तर यायला महिने लागतील." लागू देत. विचारलं नाही तर कधीच येणार नाही.

१९ डिसेंबर २०२५

उद्यापासून नव्या वर्षापर्यंत नेटवर्क फ्रीझ. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या गर्दीमुळे कुठलाही बदल करायचा नाही. या काळात मुदत संपणारी सगळी सर्टिफिकेटं आजपर्यंत बदलून झाली. फ्रीझच्या तारखा डॅशबोर्डमध्ये घातल्या आहेत. फ्रीझमध्ये येणारी मुदत आपोआप आधीच्या आठवड्यात मोजली जाईल.

८ जानेवारी २०२६

आज जे सापडलं ते या प्रकल्पातलं सगळ्यात बोलकं उदाहरण ठरावं.

ग्राहकांच्या सेल्फकेअर ॲपमागे लोड बॅलन्सरची (येणारी गर्दी सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रांची) जोडी आहे. त्यावरचं सर्टिफिकेट डिसेंबरमध्ये रिन्यू झालं. सीएच्या पोर्टलवर हिरवी खूण, तिकीट बंद, फाइलमध्ये नवी तारीख. बाहेरून नाव टाकून बघितलं तर नवंच सर्टिफिकेट दिसत होतं. आमच्या नव्या तपासणीत मात्र प्रत्येक आयपीला वेगळं विचारलं जातं. पहिल्या यंत्राने दिलेल्या सर्टिफिकेटचा अनुक्रमांक नवा होता, दुसऱ्याने दिलेल्याचा जुना. दुसऱ्या यंत्रावर नवी फाइल डिस्कवर व्यवस्थित ठेवलेली होती, पण सेवा रिलोड केलेली नव्हती. चालू प्रक्रियेच्या मेमरीत जुनंच बसलेलं, आणि त्याची मुदत याच महिन्याअखेर. ती संपली असती तर ॲप उघडणाऱ्यांपैकी साधारण अर्ध्या लोकांना चूक दिसली असती आणि उरलेल्यांना काहीच नाही. असा दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

त्यामुळे "झालं" या शब्दाची व्याख्या बदलली. सीएने दिलं म्हणजे झालं नाही, फाइल पोचली म्हणजेही झालं नाही. बाहेरून जोडणी करून, समोरच्या प्रत्येक यंत्राने दिलेला अनुक्रमांक नव्याशी जुळला, की तिकीट बंद होईल. बंद करण्याचा अधिकार तपासणी यंत्रणेला, माणसाला नाही.

त्याच तपासणीत आणखी एक निघालं. रिचार्जच्या पेमेंट सर्व्हरवर मधलं, म्हणजे इंटरमीजिएट, सर्टिफिकेट लावलेलं नव्हतं. ब्राउझर ते कुठूनतरी मिळवून साखळी जोडून घेतो, म्हणून लॅपटॉपवर सगळं छान दिसतं. जावामधला क्लायंट तसं करत नाही, तो सरळ नकार देतो. काही भागीदारांकडून येणाऱ्या तक्रारींचं मूळ हेच होतं. पूर्ण साखळी लावली, तक्रारी थांबल्या.

१६ जानेवारी २०२६

अंतर्गत सीएचा, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेचा, 'की समारंभ' (साक्षीदारांसमोर की वापरण्याचा विधी) आज पार पडला. जुन्या जारीकर्त्या सीएची स्वतःचीच मुदत २०२७ मध्ये संपते. सीए आपल्या मुदतीपलीकडचं सर्टिफिकेट देत नाही, त्यामुळे बेस स्टेशनला (टॉवरवरच्या रेडिओ यंत्रणेला) तीन वर्षांचं मागितलं तरी हाती जेमतेम दीड वर्षाचं पडत होतं आणि हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

खोलीत मोबाइल नाही, नेटवर्क नाही. रूटची, म्हणजे सगळ्यात वरच्या सीएची, की असलेलं एचएसएम (की सांभाळणारं सुरक्षित यंत्र) एरवी तिजोरीत असतं. ते उघडायला कार्डधारकांपैकी ठरलेल्या संख्येने लोक हजर हवेत, एकट्याच्या कार्डाने काही होत नाही. पाकिटांचे सील क्रमांक रजिस्टरशी ताडले, कॅमेरा चालू केला. सगळ्यात जास्त वेळ गेला तो नव्या सर्टिफिकेटचा ठसा (फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळख सांगणारी अक्षरमाला) मोठ्याने वाचण्यात: एकाने पडद्यावरून वाचायचं, दुसऱ्याने छापील कागदावर बोट ठेवून तपासायचं, तिसऱ्याने साक्षीदार म्हणून सही करायची. चौसष्ट अक्षरं. मधे कुणी खोकलं तरी ओळ पुन्हा पहिल्यापासून. नव्या मुलांना हे जुनाट वाटतं, पण हजारो बेस स्टेशन ज्या एका कीवर विश्वास ठेवणार आहेत तिच्यासाठी एवढं करायलाच हवं. बाहेर आल्यावर ऑडिटच्या ताईंनी सगळ्यांच्या हातावर तिळाची वडी ठेवली.

अंतर्गत सीए कशासाठी, हेही एकदा स्पष्ट केलेलं बरं. आपल्या आतल्या सर्व्हरची नावं बाहेरच्या जगात अस्तित्वात नसतात, आणि तशा नावांना सार्वजनिक सीए नोव्हेंबर २०१५ पासून सर्टिफिकेट देऊ शकत नाहीत. दिली असती तरी ती नावं सार्वजनिक लॉगमध्ये झळकली असती, जे आपल्याला नको आहे.

२९ जानेवारी २०२६

रेडिओ टीमसोबत दिवसभर. बेस स्टेशन आणि कोअर यांच्यामधला प्रवास आयपीसेकच्या बोगद्यातून (सांकेतिक केलेल्या बंदिस्त जोडणीतून) होतो आणि तो बोगदा सर्टिफिकेटवर उभा राहतो. पद्धत थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेने टीएस ३३.३१० मध्ये घालून दिली आहे. कारखान्यातून निघतानाच बेस स्टेशनमध्ये उत्पादकाचं सर्टिफिकेट असतं. साइटवर पहिल्यांदा वीज दिली की ते दाखवून स्टेशन सीएमपी प्रोटोकॉलने आपल्या सीएकडे अर्ज करतं आणि ऑपरेटरचं सर्टिफिकेट घेतं. पुढे मुदत संपण्याआधी स्वतःच नवं मागतं. आपल्याकडचा हा भाग सगळ्यात स्वयंचलित आहे, म्हणून इथे त्रास नसेल असं धरून चाललो होतो.

गगनबावड्याकडची एक साइट जागामालकाशी चाललेल्या वादामुळे पावसाळ्यापासून बंद होती. वाद मिटला, वीज आली, बेस स्टेशन उठलं, पण बोगदा उभाच राहीना. मधल्या काळात त्याचं ऑपरेटर सर्टिफिकेट संपलं होतं. नवं मागायला सीएपर्यंत पोचायला हवं, आणि सीएकडे जाणारा रस्ता फक्त बोगद्यातून ठेवलेला. साइटवरचा तंत्रज्ञ फोनवर म्हणत होता, "साहेब, सगळे दिवे हिरवे आहेत, मी अजून काय करू?" त्याच्या हातात खरोखरच काही नव्हतं.

उपाय दोन भागांत. सीएपुढची नोंदणी सेवा बोगद्याबाहेरूनही पोचता येईल अशी, फायरवॉलमागे, वेगळी काढली. आणि ऑपरेटर सर्टिफिकेट संपलेलं असेल तर स्टेशनने उत्पादकाचं सर्टिफिकेट दाखवून पहिल्यासारखा नव्याने अर्ज करावा, अशी मुभा दिली, मात्र स्टेशनचा अनुक्रमांक आपल्या साठा-नोंदीत असेल तरच. संध्याकाळी साइट आली. बंद पडलेल्या बाकी साइटची यादीही रेडिओ टीमकडून मागवली आहे, चालू करण्याच्या सूचनेत हा मुद्दा जाईल.

१० फेब्रुवारी २०२६

घरगुती फायबर राउटर. हे कंपनीच्या व्यवस्थापन सर्व्हरशी टीआर-०६९ या दूरव्यवस्थापनाच्या पद्धतीने बोलतात. वीज गेली आणि आली की यातल्या कित्येक मॉडेलचं घड्याळ १९७० पासून सुरू होतं, कारण आत बॅटरी नाही. १९७० मध्ये उभं राहून बघितलं तर आपलं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून राउटर जोडणी नाकारतो. आधी वेळ घ्यायची आणि मग सर्व्हरशी बोलायचं, हा क्रम फर्मवेअरमध्ये (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) पक्का करून घेतोय.

दुसरा धोका मोठा आहे. राउटर कोणत्या रूटवर विश्वास ठेवतो ते फर्मवेअरमध्ये कोरलेलं असतं. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ ची मुदत संपली, तेव्हा लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सीएच्या सर्टिफिकेटवर चालणाऱ्या अनेक साइट जुन्या उपकरणांवर उघडेनाशा झाल्या. सर्व्हरवर काहीच बिघडलं नव्हतं, जुन्या उपकरणांना नवा रूट माहीत नव्हता. आपण सर्व्हरचं सर्टिफिकेट आधी बदललं तर ग्राहकांच्या घरातल्या राउटरशी आपलं बोलणंच तुटेल, आणि मग फर्मवेअर पाठवायलाही वाट उरणार नाही. म्हणून आधी नवा रूट फर्मवेअरमधून सगळीकडे पोचवायचा, पोचल्याची आकडेवारी बघायची, आणि मगच सर्व्हरला हात लावायचा. घाई नाही.

१८ फेब्रुवारी २०२६

ओटीपी पाठवणाऱ्या बँकांसोबत बैठक. काही बँकांनी आपलं सर्टिफिकेट, नेमकं तेच, त्यांच्या प्रणालीत पिन करून (तेच खरं, दुसरं चालणार नाही असं बांधून) ठेवलं आहे. आपण बदललं की त्यांची जोडणी तुटते. एका सहकारी बँकेचे तंत्रज्ञान अधिकारी कळकळीने बोलले: "अहो, तुम्ही नवीन पाठवता, आमच्याकडे चेंज रिक्वेस्ट, कमिटी, मग रविवारची विंडो. तीन आठवडे जातात. हे वर्षातून एकदा ठीक आहे. तुम्ही दीड महिन्याने पाठवायला लागलात तर आमची माणसं दुसरं काय करणार?"

त्यांचं म्हणणं रास्त आहे. शिवाय या जोडणीत बँकही आपल्याला सर्टिफिकेट दाखवते, आणि ब्राउझरच्या धोरणामुळे सार्वजनिक सीए आता त्या कामासाठीचा, म्हणजे क्लायंट ओळखीचा, उपयोग सर्टिफिकेटमधून काढून टाकत आहेत. ब्राउझरसाठी बनलेली व्यवस्था ब्राउझर नसलेल्या ठिकाणी आपण वर्षानुवर्षं वापरत आलो. ठरलं ते असं: बँकांच्या जोडण्या वेगळ्या खासगी सीएवर जातील, बँक नेमक्या सर्टिफिकेटऐवजी त्या सीएला आणि आपल्या नावाला ओळखेल, आणि बदलाच्या काळात जुनं-नवं दोन्ही चालेल. अधिकाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पहिली चाचणी आपल्याच बँकेने करावी म्हणून तारीख मागितली.

२६ फेब्रुवारी २०२६

आपत्कालीन सराव. जुलै २०२४ मध्ये डिजीसर्ट या सीएला डोमेन पडताळणीतल्या एका चुकीमुळे ८३,२६७ सर्टिफिकेटं रद्द करावी लागली. डीएनएसमध्ये टाकायच्या एका मूल्याच्या सुरुवातीला अंडरस्कोर नव्हतं, एवढंच कारण. नियमाने मुदत २४ तासांची. ज्यांनी काहीच चूक केली नव्हती त्यांनाही एका दिवसात सगळं बदलायला सांगितलं गेलं.

असंच पत्र आपल्याला आलं तर, असं धरून निवडक सेवांवर घड्याळ लावलं. ॲक्मी प्रोटोकॉलवर (सर्टिफिकेट आपोआप मागून घेण्याच्या पद्धतीवर) असलेल्या सेवा चहा संपायच्या आत बदलल्या. हातावर असलेल्या सेवांचं तांत्रिक काम तासाभराचं, पण बदल समितीची मंजुरी मिळवण्यात बाकीचा दिवस गेला. अडथळा नियमात होता. म्हणून ठराविक कृतीने होणारं सर्टिफिकेट बदलणं आता "पूर्वमंजूर बदल" या गटात घेतलं आहे. समितीला माहिती जाईल, परवानगीसाठी थांबायचं नाही.

१६ मार्च २०२६

नवा नियम कालपासून लागू. आज पहिलं २०० दिवसांचं सर्टिफिकेट आलं आणि कुणीही कीबोर्डला हात न लावता सेल्फकेअर ॲपच्या दोन्ही लोड बॅलन्सरवर बसलं. अनुक्रमांक दोन्हीकडे जुळला, तिकीट यंत्रणेने स्वतः बंद केलं. रात्रपाळीच्या मुलाने स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. खूप बरं वाटलं.

काही विभागांनी १५ तारखेच्या आधी ३९८ दिवसांची सर्टिफिकेटं घेऊन ठेवली, म्हणजे वर्षभर निश्चिंत. मी विरोध केला नाही, पण त्यांच्या सेवा "हातावर" याच रकान्यात राहतील आणि ऑगस्टपर्यंत ॲक्मीवर यायचं बंधन कायम आहे. मार्च २०२७ मध्ये १०० दिवस येणार आहेत.

९ एप्रिल २०२६

प्रकल्प ऑपरेशन्सकडे सोपवण्याची बैठक. आजची स्थिती: सार्वजनिक सर्टिफिकेटांपैकी बहुतेक ॲक्मीवर. बिनमालकाचं एकही उरलेलं नाही. नवी यादी जुन्या फाइलच्या दुपटीहून मोठी भरली. बँकांपैकी पहिली खासगी सीएवर आली आहे.

उरलेलं काम: उत्पादकांपैकी दोघांकडून पोटातल्या सर्टिफिकेटांची यादी अजून यायची आहे, स्मरणपत्र गेलं, खरेदी विभागाने त्यांचं पुढचं बिल त्या यादीशी जोडलं आहे. राउटरच्या सगळ्यात जुन्या मॉडेलमध्ये नव्या रूटसाठी जागाच नाही, ते बदलून द्यावे लागतील आणि त्याचा खर्च या वर्षीच्या अंदाजपत्रकात मागितला आहे. पावसाळ्यात बंद पडणाऱ्या घाटमाथ्यावरच्या साइटची तपासणी मे अखेरपर्यंत. २०० दिवसांच्या पहिल्या सर्टिफिकेटाची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते, यंत्रणा नवं मागेल ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्या आठवड्याची पहाटेची पाळी मी मागून घेतली आहे.